बर्फावरची फळी आणि रसायनीची मुले : एका खेळाच्या शब्दांचा इतिहास

ज्या प्रदेशात कधी हिम पडले नाही, त्या प्रदेशातील मुलांनी हिमाच्छादित पर्वतावरून फळीवर उभे राहून घसरण्याचा खेळ खेळावा, आणि तोही चार भिंतींच्या आत, दूरचित्रवाणी संचासमोर चटईवर बसून, ही गोष्ट प्रथमदर्शनी केवळ गमतीची वाटेल. संशोधन-पत्रिकेच्या पृष्ठांवर तिला स्थान का असावे, असा प्रश्नही कोणी करील. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की, परदेशी खेळ येतो तेव्हा त्याची यंत्रे येतात, चित्रे येतात, परंतु खेळता खेळता बोलावयाचे शब्द त्याबरोबर येतातच असे नाही. ते शब्द मुलांना स्वतः शोधावे लागतात. ते कोणत्या साठ्यातून उचलले गेले हे पाहू लागले म्हणजे त्या वस्तीचा, तेथील घरांचा आणि अंगणांचा बराचसा इतिहास हाती लागतो.

या निबंधातील सामग्री खालापूर तालुक्यातील रसायनी येथील आहे. तिचा एक भाग प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या बालपणातील आठवणींचा, म्हणजे १९९० च्या आसपासचा आहे. दुसरा भाग २००४ ते २००६ या काळात, भाषाशास्त्राचा विद्यार्थी असताना, मावशीच्या घरी ठेवलेल्या एका वहीतील आहे. सात-आठ मुलांच्या बोलण्यावरून साऱ्या तालुक्याविषयी विधाने करता येणार नाहीत हे उघड आहे. आणि तसा येथे हेतूही नाही.

रसायनी हे नाव मुळात गावाचे नव्हे. आजूबाजूची नावे पाहावीत : मोहोपाडा, आपटा, गुळसुंदे, वासांबे. झाडांची, पाड्यांची, जुन्या वहिवाटीची ही नावे. त्यांच्यामध्ये ‘रसायन’ या संस्कृत शब्दास ईकार लावून झालेले हे नाव कारखान्यांबरोबर आले. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० च्या डिसेंबरात स्थापन झाली आणि १९७० च्या सुमारास तिच्या येथील कारखान्यात उत्पादन सुरू झाले. खोपोलीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी पाताळगंगेत येते व त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, हे या भागात रासायनिक उद्योग येण्याचे एक मोठे कारण होय. पुढे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचा कारखाना आला, आणि १९८० नंतरच्या दशकात पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना उभा राहिला. जिल्हा त्या वेळेपर्यंत कुलाब्याचा रायगड झाला होता (१९८१). कामगार व अधिकारी देशावरून, विदर्भातून, तसेच केरळ, कर्नाटक व उत्तर हिंदुस्थानातून आले. त्यांची मुले वसाहतीत एकत्र वाढली, आणि संध्याकाळी मैदानावर त्यांना मिळत ती मोहोपाड्याची आगरी मुले. घरी एक मराठी, शाळेत दुसरी व मैदानावर तिसरी अशी त्यांची स्थिती होती. ‘ळ’ कारास ‘ल’ व ‘ण’ कारास ‘न’ म्हणणारी आगरी बोली वसाहतीतल्या मुलांच्या तोंडी खेळापुरती सहज येई. घराच्या दारात शिरताच ती गळून पडे. हे दार पुढील विवेचनात महत्त्वाचे आहे, म्हणून त्याचा उल्लेख आताच करून ठेवतो.

आता ‘बर्फ’ या शब्दाकडे वळू. हा शब्द फारसीतून मराठीत आला. संस्कृतातील ‘हिम’ मराठीस प्राचीन काळापासून ठाऊक आहे, परंतु तो पोथीत आणि पर्वताच्या नावात, व्यवहारात नाही. कोकणातील माणसाच्या अनुभवात आकाशातून पडणारी गोठलेली वस्तू एकच, ती म्हणजे गार. बर्फ त्याने पाहिला तो आकाशातून पडलेला नव्हे, तर विकत मिळणारा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागातील तळ्यांवरचा बर्फ जहाजांत भरून मुंबईस येत असे. नंतर तो कारखान्यात होऊ लागला. म्हणून मराठीत बर्फाचे वर्गीकरण बाजाराने केले आहे. त्याची ‘लादी’ असते, लादी फोडली की ‘खडा’ होतो, खडा कुटला अथवा किसला की ‘चुरा’. लादी आणि चुरा हे शब्द कोळणीस, सरबतवाल्यास व गोळेवाल्यास सारखेच उपयोगाचे. इंग्रजीत पडलेल्या हिमाला एक आणि गोठलेल्या पाण्याला दुसरा असे दोन भिन्न शब्द आहेत; मराठीच्या रोजच्या बोलण्यात दोन्हीला ‘बर्फ’ हा एकच शब्द पुरतो, आणि भेद करावयाचाच झाला तर तो या बाजारी शब्दांनी होतो. ही गरज पुढे मुलांना पडली.

वसाहतीत घरी खेळण्याचे पहिले यंत्र आले ते निन्टेंडो या जपानी कंपनीच्या यंत्राच्या नकलेच्या रूपाने. मूळ यंत्र १९८३ साली जपानात ‘फॅमिकॉम’ या नावाने निघाले होते. आपल्याकडे त्याच्या असंख्य नकला १९९० च्या आसपास घरोघर पोहोचल्या. त्या यंत्रास मुले ‘टीव्ही गेम’ अथवा ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. त्यात घालावयाच्या खेळाच्या ठोकळ्यास ‘कॅसेट’ आणि हातात धरावयाच्या कळपट्टीस ‘रिमोट’ असे म्हटले जाई. दोन्ही शब्द इंग्रजी, पण दोहोंचा अर्थ या देशात लागला. घरात जे आधीपासून होते, गाण्यांची कॅसेट आणि दूरचित्रवाणीचा रिमोट, त्यांच्या शेजारी हे नवे वस्तुजात नेऊन बसविले गेले. परका शब्द आपल्याच भाषेत एकदा स्थिरावला की तो देशी शब्दाप्रमाणे नव्या अर्थांना जन्म देतो. ‘रिमोट’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण त्या रिमोटला यंत्रापर्यंत जाणारी तार होती व दूरनियंत्रण असे त्यात काहीच नव्हते!

एका कॅसेटमध्ये अनेक खेळ भरलेले असत. त्यांत ‘आइस क्लायंबर’ नावाचा, १९८५ साली निघालेला एक खेळ होता : हातात हातोडा घेतलेला एक बालक बर्फाचे थर फोडीत वर चढतो. प्रस्तुत लेखकाने बर्फाचा पर्वत पहिल्यांदा पाहिला तो हा. त्या वेळच्या बहुतेक खेळांत खेळणाऱ्यास ठराविक जीव मिळत आणि ते संपले की खेळ संपे. येथे मुलांपुढे पहिली भाषिक अडचण उभी राहिली.

वास्तविक या कल्पनेसाठी मराठीत तयार शब्दसंग्रह होता. हुतुतूमध्ये गडी ‘मरतो’, दुसऱ्या बाजूचा गडी मेला की तो ‘जिवंत’ होतो. कबड्डीचे नियम लिहिले गेले तेव्हा महाराष्ट्रात संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार नोंदले गेले. संजीवनीत मेलेला गडी परत येतो, गामिनीत येत नाही, आणि अमरमध्ये तो मैदान सोडीतच नाही, केवळ गुण मोजला जातो. यंत्रावरील खेळांचे जे प्रकार पुढे निघाले त्यांची वर्गवारी करावयास यापेक्षा नेमके शब्द शोधूनही सापडणार नाहीत. असे असताना वसाहतीतील मुलांनी हे शब्द वापरले नाहीत. ती म्हणत, ‘माझी एक लाइफ गेली.’

याचे कारण इंग्रजीची हौस हे नव्हे, असे मला वाटते. हुतुतू मैदानावर खेळला जाई. टीव्ही गेम घरात, आणि तोही दिवेलागणीच्या वेळी. मैदानावर ‘मेलो, मेलो’ म्हणून ओरडणाऱ्या मुलास कोणी बोलत नसे. तेच शब्द देवापाशी दिवा लागत असताना घरात उच्चारले म्हणजे आजीचा आवाज चढे. मराठी घरात मोडण्या-संपण्याचे शब्द टाळण्याची मोठी परंपरा आहे : बांगडी फुटत नाही, ‘वाढवतात’, दुकान बंद होत नाही, तेही ‘वाढवतात’, निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. ‘माझा जीव गेला’ हे वाक्य त्या घरात खेळातही चालण्यासारखे नव्हते. ‘लाइफ गेली’ चालले, कारण त्या शब्दाला अद्याप कोणाचे मरण चिकटलेले नव्हते. आमच्या शेजारी तर ‘आउट’ हा क्रिकेटमधील शब्दच पसंत केला जाई. परकीय शब्द येथे प्रतिष्ठेसाठी आलेला नाही, तो आडोशासाठी आला आहे. उसन्या शब्दांच्या कारणांची चर्चा करताना या कारणाची गणना सहसा होत नाही.

फळीवरून हिमावर घसरण्याचा प्रत्यक्ष खेळही फार जुना नाही. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी घसरण्याच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींस जोडल्या. त्याच्या पत्नीने ‘स्नो’ आणि ‘सर्फर’ हे शब्द जोडून त्या वस्तूला ‘स्नर्फर’ असे नाव दिले. म्हणजे तेथेही समुद्रावरचा शब्द पर्वतावर न्यावा लागला होता. हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९८ साली जपानातील नागानो येथे प्रथम आला. घरच्या यंत्रावर तो त्याआधी दोन वर्षे, १९९६ साली, ‘कूल बोर्डर्स’ या नावाने आला होता, आणि नागानोच्याच वर्षी निन्टेंडोने ‘१०८० अंश’ हा खेळ काढला. हवेत तीन पूर्ण गिरक्या म्हणजे १०८० अंश, असा त्या नावाचा अर्थ. २००० साली अमेरिकेत ‘प्लेस्टेशन २’ हे यंत्र निघाले त्याच दिवशी त्याच्यासाठी ‘एसएसएक्स’ हा खेळही निघाला. त्याचा तिसरा अवतार २००३ चा. मावशीच्या घरी २००४ च्या मे महिन्यात जो खेळ चालला होता तो हाच.

यंत्र आखातात नोकरीस असलेल्या एका शेजाऱ्याने आणले होते. खेळाची तबकडी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरची, म्हणजे नक्कल केलेली. हे सांगण्याचे कारण असे की नकली तबकडीबरोबर माहितीपुस्तिका मिळत नसे. मूळ खरेदीदाराला प्रत्येक कसरतीचे नाव छापील मिळत होते. आमच्या मुलांना फक्त चित्र आणि भराभर बोलणाऱ्या इंग्रजी निवेदकाचा आवाज मिळाला. त्यांपैकी बहुतेकजण मराठी शाळेत जाणारे. या पोकळीतच शब्द तयार झाले. पुस्तिका असती तर माझी वही बहुधा कोरी राहिली असती.

खेळात तीन शिखरांचा एकच पर्वत आहे, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका दमात उतरता येते. त्यास सुमारे अर्धा तास लागतो. वाटेत कोठे मऊ हिम, कोठे टणक गोठलेला पृष्ठभाग. दोहोंवर फळी वेगळी वागते, आणि पुढे खेळणाऱ्याला मागून बघणाऱ्यांनी सूचना देणे अवश्य होते. वहीतील पहिलीच नोंद अशी आहे : ‘पुढं लादी हाय, सांभाळ.’ टणक भागास ‘लादी’ व मऊ भागास ‘चुरा’ हे शब्द दुसऱ्याच दिवशी सर्वांच्या तोंडी होते. कोणी ते ठरवून दिले नव्हते. वसाहतीच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या गोळ्याच्या गाडीवर दोन्ही पदार्थ रोज दिसत होते, एवढेच.

यापुढची नोंद अधिक विचार करावयास लावणारी आहे. फळीवरून घसरणाऱ्यांच्या इंग्रजीत ताज्या, भुसभुशीत हिमाला ‘पावडर’ म्हणतात. निवेदकाच्या बोलण्यातील हा शब्द मुलांना तेवढा नेमका ऐकू आला, कारण तो त्यांना माहीत होता. पावडर म्हणजे कॅरमच्या बोर्डावर टाकावयाची बोरिक पावडर. ‘बोर्ड’ हा शब्दही तोच. एका मुलाने मला समजावून सांगितले की, डोंगरावर यंत्राने बोरिक पावडर मारतात, म्हणून बोर्ड सरकतो. रासायनिक कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला हे स्पष्टीकरण अगदी स्वाभाविक वाटले असले पाहिजे. पांढरी भुकटी ही त्याच्या जगात पोत्यातून येणारी वस्तू होती, आभाळातून येणारी नव्हे. त्याला मी दुरुस्त केले नाही. आता वाटते, करावयास हवे होते की नको याचा निर्णय मला आजही देता येणार नाही. त्याने घसरण्याचे कारण चुकीचे सांगितले, पण घर्षण कमी होते हे मर्म त्याला कळले होते.

फळीस ‘बोर्ड’ म्हणत तसेच ‘फळी’ आणि आगरी मुलांच्या तोंडी ‘फली’ही म्हणत. मावशी मात्र तिला ‘पाट’ म्हणे : ‘पाटावर उभं राहू नये, बसावं.’ हा शब्द मुलांनी थट्टेने उचलला आणि काही दिवसांनी थट्टा विसरली जाऊन शब्द राहिला.

क्रियापदांच्या बाबतीत एक नियम स्पष्ट दिसतो. इंग्रजी नाम मराठी वाक्यात आणताना आपण सामान्यतः ‘करणे’ जोडतो : फोन करणे, पास करणे. या खेळात मात्र जवळजवळ सर्वत्र ‘मारणे’ आले : ट्रिक मारणे, ग्रॅब मारणे, कट मारणे. उडी, बुडी, सूर, शिट्टी, मिठी या सर्व शब्दांना मराठी ‘मारणे’ लावते. शरीराने एका झटक्यात करावयाच्या कृतीचे हे क्रियापद आहे. खेळणाऱ्याचा केवळ अंगठा हालत होता. तरीही भाषेने ती कृती साऱ्या शरीराची मानली. ‘त्याने वन-एटी मारली’ असे स्त्रीलिंगी रूप सर्वत्र ऐकू येई. अंशांच्या आकड्यास लिंग कोठून आले? ‘उडी’ आणि ‘गिरकी’ हे अध्याहृत शब्द स्त्रीलिंगी आहेत, तेथून. ‘कट’ मात्र ‘मारला’, कारण तो रस्त्यावरच्या स्कूटरस्वारांकडून आधीच पुल्लिंगी होऊन आला होता.

या खेळात मरण नाही, हेही मुलांच्या बोलण्यात लवकरच उतरले. फळीवाला कितीही उंचावरून आपटला तरी उठतो. जाते ती लाइफ नव्हे, वेळ जातो. परिणामी ‘लाइफ’ हा शब्द वर्षभरात या घरात ऐकू येईनासा झाला व ‘पडलो’, ‘उठलो’, ‘टाइम खाल्ला’ ही रूपे आली. आजीची पिढी आता राहिली नव्हती. आडोशाची गरजही नव्हती. निदान मला तसे वाटत होते.

त्या पर्वतावर काही ठिकाणी मागून हिमाचा कडा सुटतो व खेळणाऱ्याचा पाठलाग करतो. वर्तमानपत्री मराठीत यास ‘हिमस्खलन’ म्हणतात. मुलांनी त्यास ‘दरड’ म्हटले. घाटरस्त्यावर पावसाळ्यात दरड कोसळते हे या जिल्ह्यातील मुलाला चालता येऊ लागल्यापासून माहीत असते, तेव्हा यात नवल काही नाही. ‘दरड आली, पळ’ ही आरोळी २००४ च्या पावसाळ्यात त्या खोलीतून सतत ऐकू येई. पुढच्या वर्षी, जुलै २००५ च्या अतिवृष्टीत, याच जिल्ह्याच्या महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या व माणसे गाडली गेली. ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेलो तेव्हा यंत्र तेच होते, खेळ तोच होता, पण आरोळी नव्हती. मावशीने काही सांगितले होते काय, असे मी विचारले. तिने काही सांगितले नव्हते. मुले त्या जागी आली की ‘आला, आला’ एवढेच म्हणत. काय आला, ते म्हणत नसत. वहीत त्या दिवशी मी ‘कर्त्याचा लोप’ असे लिहून ठेवले आहे. शास्त्रीय परिभाषेत ते बरोबरच आहे. ‘हिमस्खलन’ हा शब्द त्यांच्याजवळ असता तर ती तो निःशंकपणे ओरडली असती. लाइफच्या वेळी जे आजीच्या धाकाने घडले, ते येथे कोणाच्याही धाकावाचून घडले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातच इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा मला प्रथम त्या खोलीची आठवण झाली.

परिभाषा घडविण्याच्या कामात असलेल्या विद्वानांविषयी आदर बाळगूनही येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. भाषा संचालनालय आणि रसायनीच्या कारखान्याची कंपनी या दोहोंचा जन्म एकाच वर्षी, १९६० साली झाला. संचालनालयाने रसायनशास्त्रासह अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले, व त्यांचे मोल कमी नाही. परंतु कोशात शब्द तयार करताना आपण नव्या वस्तूसाठी संस्कृत धातू शोधतो. मुलांनी त्याच कामासाठी गोळेवाला, कॅरम, स्कूटर आणि घाट शोधला. ‘हिमफलक’ हा शब्द कोणी केला तर तो निर्दोष होईल. पण त्यावरून घसरताना ‘लादी हाय’ असे ओरडून सावध करणाऱ्यास तो कितपत उपयोगी पडेल याची शंका आहे.

हे शब्द आता राहिलेले नाहीत. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑर्गॅनिकचा रसायनी येथील कारखाना बंद करण्यास संमती दिली. अग्निबाणांच्या इंधनासाठी लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेकडे सोपविण्याचे ठरले, आणि जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकण्यात आला. जी मुले एका खोलीत बसून ओरडत होती ती पुणे, पनवेल व परदेशी अशी पांगली. प्लेस्टेशन २ या यंत्राची निर्मितीही २०१३ च्या आरंभापर्यंत थांबली होती. दोन वर्षांपूर्वी मोहोपाड्यात मावशीच्या नातवास भ्रमणध्वनीवर असाच एक खेळ खेळताना पाहिले. तो ‘स्नोबोर्ड’ म्हणतो, ‘स्नो’ म्हणतो आणि उच्चारही चांगले करतो. खेळताना तो बहुतेक गप्पच असतो, कारण मागे बसून सूचना देणारे कोणी नाही. ‘लादी’ म्हणजे काय, असे मी त्याला विचारले. त्याने पायाखालची फरशी दाखविली.

अणुशक्तीनगर, अंबरनाथ, नागोठणे, थळ येथील कारखान्यांच्या वसाहतीतही १९९० ते २०१० या काळात अशी यंत्रे होती. तेथे वाढलेल्या वाचकांनी या खेळांतील आपापले शब्द, विशेषतः बर्फ, दरड व जीव यांसाठीचे, विभागाकडे लिहून पाठविल्यास वहीतील नोंदी त्यांच्याशी ताडून पाहता येतील. शब्द आठवत नसल्यास, घरातील कोणी कोणत्या शब्दावर हरकत घेतली होती, तेवढे कळविले तरी चालेल.